वाचनालय संगणकावर जातंय: कोणी काय वाचलं याची नोंद किती दिवस ठेवायची?

चाटीगल्ली (सोम, रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ब वर्ग वाचनालयाची देवघेव १ एप्रिलपासून वहीतून संगणकावर जाणार आहे. पुस्तकं मराठी, तेलुगू, कन्नड आणि थोडी उर्दू. आजवर खतावणी चालत आली. प्रत्येक सभासदाला एक पान, त्यावर दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, सही. सॉफ्टवेअर बसवणारा म्हणतो, "सगळा इतिहास कायमचा राहील, एका क्लिकवर." कार्यकारी मंडळात यावरून दोन तट पडलेत. एका तटाला हे फारच आवडलंय. दुसरा म्हणतो, उद्या कोणी वर्दीतला माणूस येऊन "अमक्यानं दोन वर्षांत काय काय वाचलं ते काढा" म्हणाला, तर तेही त्याच क्लिकवर निघेल.
तर विचारायचंय असं, की कायदा ग्रंथपालाच्या पाठीशी आहे का, नोंद किती ठेवणं भाग आहे, आणि संगणकात पुसलेलं खरंच पुसलं जातं का? पक्षीय राजकारण नको, कामाचं सांगा.

कडकभाकरी (सोम, रात्री ९:२०)
मी पयला! अभ्यासिकेतली पोरं स्वतःचीच गाइडं घेऊन येतात, कपाटाकडं बघत पण नाहीत. इतिहास कोराच आहे बे, कशाला घाबरता.

वहीनंतीन (सोम, रात्री १०:०५)
कडकभाकरी, अभ्यासिका वेगळी आणि देवघेव वेगळी. पूर्व भागात तेलुगू मासिकांना अजून नंबर लावावा लागतो.

धागाकर्ते, संगणकाच्या आधी एक गोष्ट बघा. खतावणी ही वाचकाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट पद्धत. एका पानावर एका माणसाचं अख्खं वाचन. त्यापेक्षा थोडी बरी न्यूआर्क पद्धत, म्हणजे पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर सभासद क्रमांक आणि तारीख लिहायची. पण ते कार्ड पुस्तकातच परत जातं, त्यामुळे आधी कुणीकुणी नेलं ते त्यावर साठत राहतं.

जुनी ब्राउन पद्धत आठवा. सभासदाला जितकी पुस्तकं नेता येतात तितकी तिकिटं, म्हणजे नाव लिहिलेली छोटी पाकिटं. पुस्तक देताना पुस्तकाचं कार्ड काढून त्या पाकिटात सरकवायचं आणि जोडी ट्रेमध्ये परतीच्या तारखेच्या पट्टीमागं दाखल क्रमांकानं लावायची. पुस्तक परत आलं की तारीखचिठ्ठी बघून जोडी शोधायची, कार्ड पुस्तकात, तिकीट माणसाच्या हातात. झालं. मागं काहीच उरत नाही. दिवसाची देवघेव किती ते ट्रेमध्ये लावण्याआधी कार्डं मोजून कळतं, नावं लागतच नाहीत.

तोटेही आहेत. तारीखचिठ्ठी फाटली किंवा शिक्का पुसट आला तर सगळे ट्रे उपसावे लागतात, आणि जोडी एक पट्टी पुढं-मागं लागली की पुस्तक आल्यावरही "तुमच्याकडंच आहे" असं भांडण. परत करणाऱ्यांची रांग लागते ती याच्यामुळंच. दोन पुस्तकांची मुभा आणि चारशे सभासद म्हटलं तरी आठशे तिकिटं सांभाळायची. पण तत्त्व हेच: पुस्तक बाहेर आहे तोवर नोंद, आत आलं की नोंद संपली. संगणकालाही हेच शिकवायचं.

साधासरळ (सोम, रात्री १०:३१)
एवढा खटाटोप कशासाठी? ज्याच्या मनात काही नाही त्यानं भ्यायचं कशाला? पोलिसांना माहिती देणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे, कायद्यातच लिहिलंय.

पुढलीतारीख (सोम, रात्री ११:१५)
साधासरळजी, लिहिलंय, पण तुम्ही म्हणता तेवढं नाही. नागरिक सुरक्षा संहिता २०२३ च्या कलम ३३ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३९) ठरावीक गंभीर गुन्ह्यांची यादी आहे. असा गुन्हा घडल्याचं किंवा घडवायचा बेत असल्याचं कळलं तर कळवायचं. कोणी कुठलं पुस्तक नेलं हे त्या यादीत कुठंच बसत नाही. उलट सर्वोच्च न्यायालयानं २८ जुलै २०२३ च्या एका जामीन आदेशात म्हटलंय, की नुसतं साहित्य बाळगणं, मग त्यातला मजकूर हिंसेला प्रेरणा देणारा का असेना, एवढ्यावरून यूएपीएतले (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्यातले) ते गुन्हे ठरत नाहीत. जवळ बाळगणं गुन्हा नाही, तर वाचनालयातून नेणं कुठून होणार?

आता चाटीगल्लींचा पहिला प्रश्न. सरळ सांगतो, ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातल्या गोपनीयतेला आपल्याकडं वेगळं कवच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मान्यता, अनुदान, परिषद, संचालनालय यांबद्दल बोलतो. वाचकाची नोंद गुप्त ठेवा असं त्यात कलम नाही.

संहितेच्या कलम ९४ खाली (जुनं ९१) न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशानं कुठलाही दस्तऐवज मागवू शकतो. संगणकातली नोंदही त्यात आली. न्यायाधीशाची सही लागत नाही, ही मेख आहे. गंमत बघा: याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये टपाल खात्याकडची पत्रं आणि १८९१ च्या बँकर्स बुक्स कायद्याखालच्या वह्या वगळल्यात. टपालाचं नाव कायद्यात आहे, बँकेचं आहे, वाचनालयाचं नाही.

तरी हात अगदी रिकामे नाहीत. कॅनरा बँकेच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की माणसाची कागदपत्रं बँकेकडं ठेवली म्हणून त्यांवरचा त्याचा खासगीपणाचा हक्क संपत नाही. मग खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा पुट्टास्वामी निकाल. हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि मागणी हेतूच्या प्रमाणात हवी. म्हणून एका गुन्ह्यात एका माणसाच्या ठरावीक तारखांची नोंद मागितली तर ती द्यावी लागेल. "तमुक विषयाची पुस्तकं नेणाऱ्या सगळ्यांची यादी द्या" या आदेशाला आव्हान देता येतं, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, सोलापूर जिल्हा त्याच्याकडेच आहे.

यूएपीए कलम ४३फ विसरू नका. त्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी असेल तर संस्थेला माहिती द्यावीच लागते, नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद.

थोडक्यात, जी नोंद आहे ती लढून वाचवणं अवघड. जी नाहीच, ती कोणीही मागितली तरी देता येत नाही.

शेंगाचटणी (सोम, रात्री ११:१८)
वाखुसा (वाचनखूण साठवली).

हातमाग (मंगळ, सकाळी ७:४०)
मग सोपंय की. आदेश आला की रात्रीतून सगळं डिलीट!

पुढलीतारीख (मंगळ, सकाळी ८:०२)
असलं कुणी करू नका, धाग्यावर विनोदानंही सुचवू नका. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूनं दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहिता कलम २४१ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. नोटीस येण्याआधी ठरलेल्या नियमानं, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांची नोंद सारखीच पुसली जात असेल तर तो कारभार. नोटीस आल्यावर एकाच माणसाची पुसली तर तो गुन्हा. म्हणून ठराव आधी हवा, आणि तो खरोखर पाळलेला हवा. नोटीस आली की त्या नोंदीपुरती पुसणी थांबवायची.

कळफलक (मंगळ, सकाळी १०:२५)
तिसऱ्या प्रश्नावर येतो. धागाकर्त्यांनी सॉफ्टवेअरचं नाव दिलं नाही, पण कोहा (वाचनालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) असेल तर पुढचं जसंच्या तसं लागू.

आधी एक बनावट सभासद तयार करा, नाव 'अनाम'. 'ॲनॉनिमस पेट्रन' या सेटिंगमध्ये त्याचा क्रमांक टाकायचा. इथंच निम्मे लोक चुकतात. तिथं कार्ड क्रमांक नाही, बॉरोअर नंबर लागतो, म्हणजे डेटाबेसमधला अंतर्गत क्रमांक. चुकीचा टाकला तर पुसणी होत नाही किंवा पुस्तक परत घेतानाच अडतं. हा 'अनाम' पुढं कुणी "फालतू खातं" म्हणून काढून टाकणार नाही हेही बघा.

मग 'बॅच ॲनॉनिमाइझ' ही स्क्रिप्ट रोज रात्री चालेल अशी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावा, दिवस ३०. परत येऊन तीस दिवस झालेल्या नोंदींवरचं नाव जाऊन तिथं 'अनाम' येतो. पुस्तक किती वेळा गेलं ते मोजता येतं, कुणाकडं गेलं ते नाही. प्रत्येक सभासदाच्या खात्यात तीन पर्याय असतात: कायम ठेवा, नेहमीप्रमाणे, कधीच नको. 'कायम ठेवा' निवडलेल्यांना ही स्क्रिप्ट हात लावत नाही, म्हणून नवीन सभासदाचा मूळ पर्याय तो नसावा.

इतकं केलं की लोक निवांत होतात, आणि नोंद मात्र दुसऱ्या खोलीत जिवंत असते. 'स्टॅटिस्टिक्स' नावाच्या टेबलात प्रत्येक देवघेवीबरोबर सभासद क्रमांक पडतो, वरची स्क्रिप्ट तिकडं फिरकत नाही. 'इश्यू लॉग' आणि 'रिटर्न लॉग' चालू असतील तर 'ॲक्शन लॉग्ज' मध्ये वेगळी प्रत. दोन्ही लॉग बंद करा. जुन्या ओळी 'क्लीनअप डेटाबेस' स्क्रिप्टनं काढा, पण वार्षिक अहवालाचे आकडे काढून झाल्यावर. ३१ मार्चच्या आधी स्टॅटिस्टिक्स साफ केलं तर अनुदानाच्या तपासणीला दाखवायला देवघेवीची संख्याच उरणार नाही. आणि कर्मचाऱ्यांना वाचन-इतिहास न दाखवण्याचं जे सेटिंग आहे ते फक्त पडदा टाकतं. मागं सगळं तसंच असतं.

बॅकअप हा शेवटचा खड्डा. सात रोजचे आणि चार आठवड्याचे बॅकअप ठेवत असाल तर सगळ्यात जुना २८ दिवसांचा. म्हणजे तीस दिवसांची पुसणी प्रत्यक्षात ५८ दिवसांची होते. ठरावात तीस लिहून कपाटात २०२३ चा पेनड्राइव्ह असेल तर तो ठराव म्हणजे नुसता कागद.

चाटीगल्ली (मंगळ, दुपारी १:१०)
कळफलक, बसवणाऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो पळून जाईल. सॉफ्टवेअर कोहा नाही, स्थानिक माणसानं केलेलं आहे. आणि एक सदस्य म्हणतात सरकारी ई-ग्रंथालय फुकट मिळत असेल तर तेच घ्या.

कळफलक (मंगळ, दुपारी १:३३)
स्थानिक असेल तर त्याला एवढंच विचारा: परतीची नोंद झाल्यावर त्या ओळीतला सभासद क्रमांक रिकामा करणारं बटण आहे का? आणि ते दाबल्यावर रिपोर्टमधून पण जातं का? चाचणी साधी आहे. खोटा सभासद करून पाच पुस्तकं द्या, परत घ्या, पुसा. मग दाखल क्रमांकानं शोधा, सभासद क्रमांकानं शोधा, दंडाच्या रिपोर्टमध्ये बघा, एक्सेलमध्ये काढून बघा. चारपैकी एका ठिकाणीही नाव सापडलं तर पुसलेलं नाही.

ई-ग्रंथालय हे एनआयसीचं (केंद्र सरकारच्या संगणक यंत्रणेचं), चौथी आवृत्ती त्यांच्या क्लाउडवर चालते. प्रणाली म्हणून चांगली आहे, पण धाग्याचा विषयच सरकारी नजर हा आहे, आणि तिथं नोंद तुमच्या कपाटात न राहता सरकारी सर्व्हरवर राहते. पुसायचा निर्णय एकट्या तुमच्या हातात राहत नाही.

वहीनंतीन (मंगळ, दुपारी २:४५)
तीस दिवस कशासाठी पण? परत घेताना काउंटरवर पानं चाळायची सवय असेल तर शून्य दिवस पुरतात. फाटकी पानं निघतात ती पुढच्या वाचकाकडून, आणि तोवर महिना उलटलेला असतो.

कळफलक (मंगळ, दुपारी ३:०१)
त्यासाठीच 'स्टोअर लास्ट बॉरोअर' आहे. पुस्तकामागं फक्त शेवटच्या माणसाचं नाव राहतं, नवा माणूस आला की जुनं गेलं. पण जे पुस्तक वर्षानुवर्षं कुणी नेत नाही त्यावर शेवटच्याचं नाव तितकीच वर्षं चिकटून राहील. आणि नेमकी तीच पुस्तकं 'वेगळी' असतात. मी असतो तर हे बंद ठेवून तीस दिवसांवर भागवलं असतं. वहीनंतीन शून्यावर ठाम असतील तर तेही चालेल, पण मग पान फाटल्याची तक्रार गिळायची तयारी ठेवा.

शेंगाचटणी (मंगळ, दुपारी ३:२०)
अमेरिकेत म्हणे वाचनालयांनी पाट्या लावल्या होत्या, "आज इथं एफबीआय आलेली नाही. ही पाटी दिसेनाशी झाली तर समजून घ्या." सोलापुरात ही पाटी चालायची नाही ओ. बंदोबस्तावरचे दोघं तरी दुपारी पंख्याखाली पेपर वाचायला येतातच. पाटी काढ-लाव करून ग्रंथपालाचा हात दुखेल!

पुढलीतारीख (मंगळ, सायं ५:५०)
हा हा. पाटीमागचं कारण मात्र गंभीर होतं. तिकडच्या २००१ च्या दहशतवादविरोधी पॅट्रियट कायद्याच्या कलम २१५ खाली वाचनालयाकडून नोंदी मागवता येत होत्या, आणि मागितल्याचं कुणाला सांगायलाही बंदी. २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या चार ग्रंथपालांना वेगळ्या प्रकारचं, न्यायालयाच्या आदेशाशिवायचं पत्र आलं. तेही तोंडबंदीसकट. त्यांनी कोर्टात लढा दिला, पुढच्या वर्षी तोंडबंदी उठली. २१५ मार्च २०२० मध्ये संपलं. तिकडं जवळजवळ सगळ्या राज्यांत वाचनालयाच्या नोंदींना संरक्षण देणारे कायदे आहेत, तरी अनेक वाचनालयांनी कायद्यावर विसंबून न राहता नोंद ठेवणंच सोडलं.

पद्मजाए (मंगळ, रात्री ८:१५)
सगळे पोलिसांवरच घसरलेत. काउंटरवर रोज येणारी चौकशी वेगळीच असते. "आमची मुलगी काय नेते हो?" "मिसेसच्या नावावर कुठली पुस्तकं आहेत?" त्यालाही उत्तर एकच असायला हवं: कार्डधारक स्वतः आल्याशिवाय सांगत नाही. गल्लीतल्या नातेवाइकाला तोंडी सांगायची सवय लागलेला माणूस साहेबालाही तोंडीच सांगणार.

आणि गळती तुम्हीच करता. मुदत उलटल्याची आठवण उघड्या पोस्टकार्डावर पुस्तकाच्या नावासकट जाते, अख्खा वाडा वाचतो. कार्डावर "आपल्याकडे १ पुस्तक बाकी, दा. क्र. अमुक" एवढंच लिहा. एसएमएसचंही तसंच, नमुना नोंदवताना त्यात पुस्तकाच्या नावाची जागाच ठेवू नका. व्हॉट्सॲपवर सभासदांचा ग्रुप नको, ब्रॉडकास्ट यादी करा, नाही तर सगळ्यांना सगळ्यांचे नंबर. मागणी चिठ्ठ्या, ज्यांवर नाव आणि पुस्तक दोन्ही असतं, त्या रद्दीत जातात. नवी पेठेत शेंगदाण्याच्या पुडीवर कुणाची मागणी निघेल सांगता येत नाही. काउंटरचा स्क्रीन रांगेकडं तोंड करून असतो, तो वळवा. याला पैसा लागत नाही.

कडकभाकरी (मंगळ, रात्री ८:२२)
पुडीवर 'संसार सुखाचा कसा करावा' आणि खाली शेजाऱ्याची सही. घ्या!

हातमाग (मंगळ, रात्री ८:५०)
पद्मजाताई, +१. कॅमेऱ्यांचं काय? अनुदानातून चार बसवलेत असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. आणि नेट वापरायला दोन संगणक असतात, तिथं आधार कार्डाची झेरॉक्स घेतात.

कळफलक (मंगळ, रात्री ९:४०)
कॅमेरा: दोन मेगापिक्सेलचा, दोन एमबीपीएसनं नोंद करणारा असेल तर दिवसाला सुमारे २१ जीबी. चार कॅमेरे म्हणजे ८६. एक टीबीची डिस्क साधारण अकरा दिवसांत भरते आणि 'ओव्हरराइट' चालू असेल तर जुनं आपोआप जातं. चोरी पकडायला अकरा दिवस खूप झाले, डिस्क वाढवू नका. तोंड दाराकडं आणि काउंटरच्या पैशाच्या बाजूला ठेवा, वाचनाच्या टेबलांवर आणि कपाटांवर नको. कोन बदलता येत नसेल तर रेकॉर्डरच्या मेनूत 'प्रायव्हसी मास्क' असतो, तेवढा चौकोन काळा करा. मोबाइल ॲपवरून बघायची सोय बंद, कंपनीचा मूळ पासवर्ड बदला.

संगणक: ब्राउझर 'बंद करताना सगळं पुसा' वर ठेवा किंवा पाहुणा खिडकीच उघडेल असं करा. प्रिंटरच्या रांगेत अडकलेल्या फायली आणि डाउनलोडचा फोल्डर लोक विसरतात, स्पर्धा परीक्षेचे अर्ज आधार क्रमांकासकट तिथंच पडून असतात.

पुढलीतारीख (मंगळ, रात्री १०:३०)
आधारच्या झेरॉक्सचं मूळ २०११ च्या सायबर कॅफे नियमांत आहे: ओळखपत्र, वापराची नोंदवही, वर्षभर जपणूक, दर महिन्याला अहवाल. पण व्याख्या आहे "व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात" लोकांना नेट देणारी जागा. सभासदाला फुकट नेट देणारं वाचनालय त्यात बसतं का, यावर वाद घालता येतो. तासाला दहा रुपये घेतले की तो वाद लुळा पडतो. ओळख बघायची असेल तर बघा, झेरॉक्स कशाला? आणि नेटची वही देवघेवीच्या नोंदीला जोडू नका. नेट पुरवणारी कंपनी तिच्या परवान्याच्या अटीनुसार स्वतःच्या नोंदी दोन वर्षं ठेवतेच. त्यावर तुमचं काही चालत नाही, निदान तुमच्याकडून भर नको.

विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ बद्दल कुणीच विचारलं नाही म्हणून सांगतो. तो फक्त डिजिटल नोंदींना लागू आहे. खतावणी कागदावर आहे तोवर बाहेर, संगणकात चढवली की आत. काम संपलं की पुसा, हे त्यात कर्तव्य म्हणून आहे, म्हणजे तुमच्या ठरावाला कायद्याचाच टेकू. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. पण सरकारी नजरेपासून तो फारसा वाचवत नाही. गुन्ह्याच्या तपासासाठी कलम १७ मध्ये सूट आहे, आणि अधिसूचित सरकारी यंत्रणांना तर कायदाच लागू नाही.

कडकभाकरी (मंगळ, रात्री १०:३४)
वर्गणी महिन्याला ५०, दंड २५० कोटी. अनामत वाढवा ओ.

साधासरळ (बुध, सकाळी ९:०५)
ठीक, नोंद कमी ठेवा हे पटलं. पण प्रत्यक्ष साहेब दारात उभे असतील तर तो बिचारा चार हजारांवर काम करणारा ग्रंथपाल काय करणार? कलमं म्हणून दाखवणार?

वहीनंतीन (बुध, सकाळी ११:३०)
बरोबर प्रश्न. म्हणून निर्णय त्याच्यावर सोडायचाच नाही. काउंटरच्या खणात एक छापील कागद असावा आणि त्यानं तेवढंच वाचायचं: "साहेब, बसा. नोंदी देण्याचा अधिकार कार्यवाहांना आहे. लेखी आदेश द्या, मी लगेच फोन लावतो." मग टिपून घ्यायचं: नाव, हुद्दा, ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कुठलं कलम, नेमकी कोणती नोंद, कुठल्या तारखांची. हुज्जत घालायची नाही, आडवं पडायचं नाही, खोटंही बोलायचं नाही. "नोंद नाही" असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा खरंच नाही.

पुढलीतारीख (बुध, दुपारी १२:१०)
भर घालतो. देताना मागितलं तेवढंच. दहा ओळी मागितल्या तर दहा ओळींची सही-शिक्क्याची प्रत, अख्खी वही किंवा हार्डडिस्क नव्हे. पोच घ्या. संगणकातली नोंद असेल तर साक्ष अधिनियम कलम ६३ चं प्रमाणपत्र मागतील, त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकाक्षरी ठसा) लिहावं लागतं, ते काढणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. झडतीच घ्यायला आले तर अडवू नका. मात्र दोन पंच, जप्तीची यादी आणि तिची प्रत हा तुमचा हक्क आहे, आणि कलम १०५ प्रमाणे झडतीचं दृक्श्राव्य चित्रण त्यांनी करायचं असतं. संगणक उचलून नेला तर दुसऱ्या दिवशी देवघेव चालावी म्हणून बॅकअप दुसऱ्या जागी हवा.

अवांतर: पत्र पोलिसांचंच असेल असं नाही. कुणी उत्साही माणूस माहिती अधिकारात सभासदांची यादी मागतो. वैयक्तिक माहितीला कलम ८(१)(जे) ची सूट आहे, आणि विदा कायद्याच्या ४४(३) नं ती आणखी रुंद केलीय. पत्रकारांना या रुंदीकरणाचा राग आहे आणि तो रास्त आहे, पण तो वेगळा धागा.

चाटीगल्ली (बुध, रात्री ९:००)
मंडळी, शनिवारी बैठक आहे. वरचं सगळं उतरवून घेतलं. ठरावाचा मसुदा कुणी देईल का? आणि एक राहिलं. खतावणीच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत, काही स्वातंत्र्याआधीच्या. त्यांचं काय?

वहीनंतीन (बुध, रात्री ९:४५)
मसुदा: "देवघेवीची नोंद पुस्तक सभासदाकडे असेपर्यंत ठेवली जाईल. पुस्तक परत आल्यापासून तीस दिवसांनी त्या नोंदीतील सभासदाची ओळख काढली जाईल. दंड किंवा नुकसानभरपाई बाकी असल्यास ती वसूल होईपर्यंत नाही. बॅकअप २८ दिवसांपेक्षा जुना ठेवला जाणार नाही. देवघेवीची दैनिक संख्या, भाषा व विषयवार, नावांशिवाय कायम ठेवली जाईल. कोणत्याही नोंदीची मागणी लेखी स्वरूपात कार्यवाहांकडे येईल व कार्यवाह कायदेशीर सल्ला घेऊन उत्तर देतील. मागणी आल्यास संबंधित नोंदीची पुसणी स्थगित राहील." वर्गणीच्या पावत्या, सभासद नोंदवही, दाखल नोंदवही यांना हा ठराव लागू नाही हेही लिहा, त्या लेखापरीक्षणाला लागतात. तपासणीत देवघेव कुठल्या स्वरूपात बघतात ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आत्ताच पत्रानं विचारून उत्तर फायलीला लावा. मार्चमध्ये विचारलं तर गोंधळ.

माळ्यावरच्या वह्या फाडून, पाण्यात भिजवून लगद्याला द्या. रद्दीवाल्याला सरळ नको.

भुईकोट (बुध, रात्री १०:२०)
थांबा थांबा! स्वातंत्र्याआधीच्या वह्या भिजवायच्या? हे सोलापूर आहे. १२ मे १९३० ला इथं लष्करी कायदा लागला, गांधी टोपी घातली म्हणून माणसं धरली गेली. 'गझनफर'चे संपादक कुर्बान हुसेन आणि त्यांचे तीन साथी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्या काळात गिरणगावातली माणसं काय वाचत होती हे सांगणारा कागद माळ्यावर असेल तर त्याला हात लावू नका.

पद्मजाए (बुध, रात्री १०:४१)
भुईकोट, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. १९३० च्या मे महिन्यात तीच वही लष्कराच्या हाती लागली असती तर?

भुईकोट (बुध, रात्री १०:५५)
लागली असती तर वाईटच झालं असतं, मान्य. पण आज त्या पानांवरची माणसं हयात नाहीत. सरसकट पुसू नका, वयानं वाटणी करा.

वहीनंतीन (गुरु, सकाळी ८:१०)
हे मान्य, माझं घाईचं झालं. १९४७ आधीच्या वह्या वेगळ्या काढा, कापडात बांधा, वाळवी बघा, फोटो काढून मूळ वही एखाद्या अभिलेखागाराला किंवा विद्यापीठाला द्यायचं बघा. १९४७ ते साधारण १९८० मोहोरबंद पेटीत, मंडळाच्या ठरावाशिवाय उघडायची नाही. त्यानंतरच्यांतली माणसं आजही कट्ट्यावर भेटतात, त्या नष्ट करा. आधी लेखापरीक्षकांकडून लेखी घ्या की बाकी काही अडकलेलं नाही. कुठली नोटीस प्रलंबित नाही याची नोंद करून, दोन सदस्यांसमोर, यादी करून.

पुढलीतारीख (गुरु, सकाळी ८:३०)
मोहोरबंद पेटीही आदेश आला तर उघडावी लागेल, एवढं ध्यानात असू द्या. बाकी ठीक.

चाटीगल्ली (गुरु, सकाळी ९:१५)
आभार. शनिवारी मांडतो. तीस दिवस की शून्य, यावर मतदान होईल असं दिसतंय.

कडकभाकरी (गुरु, सकाळी ९:१७)
आणि ठराव लिहिलेली इतिवृत्ताची वही किती दिवस ठेवायची?

वहीनंतीन (गुरु, सकाळी ९:२६)
ती कायम. आणि कोण कुठल्या बाजूनं बोललं ते तिच्यात नावासकट लिहितात, तेव्हा जपून बोला.